डावखुऱ्या उस्तादाचं टेबल

बाबांच्या दुकानात बेवारशी खुर्ची एकही नव्हती. लोकांनी मोडीत काढलेलं, वाळवीनं चाखून सोडलेलं, सासूच्या पश्चात सुनांनी पहिल्याच आठवड्यात घराबाहेर काढलेलं सामान टेम्पोतून येऊन पडे, तेव्हा ते फक्त जुनं लाकूड असे. थोड्याच दिवसांत त्याला कूळ, घराणं, एखादा विक्षिप्त पूर्वज आणि जमल्यास एक अपुरी प्रेमकहाणी चिकटे. "ही आरामखुर्ची बोटीच्या कप्तानाची. बोट बुडाली, खुर्ची तरंगली," बाबा सांगत. गिऱ्हाईक खुर्चीकडे हात जोडल्यासारखं बघे. कप्तानाचं पुढे काय झालं, हे कुणी कधी विचारलं नाही.

ते बाबा आता नव्हते. भेटायला येणाऱ्यांची रांग ओसरली होती आणि घरात आवराआवर सुरू झाली होती. दादानं दुकान बंद करायचं ठरवलं होतं. तो शीतगृहं बांधणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि कुठलीही गोष्ट फार वेळ बाहेर राहिली की नासते, यावर त्याचा ठाम विश्वास होता. दुःखाच्या बाबतीतही त्याचं हेच मत असावं.

धाकटीनं एकच मागितलं होतं. बाबांच्या खोलीतलं लिहायचं टेबल.

"घे की," दादा म्हणाला होता. "फक्त जाणकार एकदा बघून जाऊ देत. साधं असलं तर तुझंच. काही विशेष निघालं तर मात्र विकून दोघांत वाटू. उगाच उद्या कळलं की मोलाचं होतं, तर तुलाच वाईट वाटेल."

तिला उद्या वाईट वाटेल, याची काळजी घरात सगळ्यांना होती. आज वाटत होतं, तिकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

टेबल विशेष निघू नये, एवढीच तिची इच्छा होती. आणि ते विशेष निघणार, हे तिच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. कारण ते बाबांनी स्वतः केलं होतं, तिच्या डोळ्यांदेखत, दुकानाच्या मागच्या खोलीत, ती कॉलेजात गेली त्या वर्षी. तिला नोकऱ्यांच्या निमित्तानं भाड्याच्या खोल्या बदलत हिंडावं लागलं, म्हणून ते बाबांकडेच राहिलं. "तुझंच आहे, मी नुसती राखण करतोय," बाबा म्हणत आणि त्यावर वर्तमानपत्र पसरून बसत.

मागच्या खोलीची गोष्ट घरात फक्त तिला ठाऊक होती. दुकानाला सुट्टी असली की बाबा पुढचं शटर पाडून ठेवत आणि मागच्या दारानं आत जात. सोबत धाकटी, दिवा धरायला. तिथे रंधे होते, पटाशा होत्या, सिरक्यात बुडवलेल्या गंजक्या खिळ्यांची एक बरणी होती. त्या बरणीतलं पाणी कोऱ्या लाकडावर फिरवलं की लाकूड आजोबांच्या वयाचं दिसू लागे. किल्ल्यांचा एक जाडजूड जुडगा होता, त्यानं बाबा नव्या टेबलाला प्रेमानं मारत. शंभर वर्षांचे संसाराचे घाव एका दुपारात.

"हे कुणाला सांगायचं नाही," ते म्हणत. "जुनं विकणाऱ्याच्या हातात हत्यार दिसलं, की त्याच्या दुकानात जुनं काही उरत नाही."

म्हणून घरात बाबांना साधा खिळा ठोकता येत नसे. तसबीर लावायची तर शेजाऱ्याला बोलवावं लागे. लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा ते दादाकडून उघडून घेत, आणि दादा उघडताना मान हलवत असे. सगळं आयुष्य त्यांनी घरात बिनहाताचा माणूस म्हणून काढलं. नटांना लोक पैसे देऊन बघायला जातात. बाबांचा प्रयोग घरी रोज फुकट होता आणि कुणाला तो प्रयोग आहे हेच कळलं नाही.

एवढंच असतं तरी निभावलं असतं. पण मध्ये जाणकार होते.

त्यांच्या शब्दाशिवाय शहरातले हॉटेलवाले, संग्रहालयवाले आणि अचानक श्रीमंत झालेले लोक साधं स्टूलही विकत घेत नसत. ते कपाटाच्या आत डोकं घालून वास घेत, खण उलटा करून त्यावर बोट फिरवत आणि डॉक्टर एक्स-रे बघतात तशा चेहऱ्यानं तो उजेडात धरत. मग वय सांगत. वीसेक वर्षांपूर्वी बाबांच्या दुकानात त्यांना एका पेटीवर करवतीचे आणि पटाशीचे उलट्या बाजूनं उतरलेले ओरखडे दिसले, आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. हा कारागीर डावखुरा होता! पुढे त्याच हाताची आणखी कामं सापडत गेली. सगळी बाबांच्याच दुकानात, हा योगायोग त्यांना दैवी वाटला. त्यांनी कारागिराला नाव दिलं, 'डावखुरा उस्ताद'. काळ दिला, दीडशे वर्षांपूर्वीचा. शेवटी एक जाडजूड पुस्तक लिहून त्याला चरित्रही दिलं. गरिबी, गुरूशी भांडण, पाण्यापलीकडच्या गावातली एक मुलगी, एकाकी शेवट.

बाबांनी ते पुस्तक दोनदा वाचलं होतं. उस्ताद थंडीत एकटा वारला, ते पान धाकटीला मोठ्यानं वाचून दाखवताना त्यांचा आवाज खरोखर कापला होता. "बिचारा," ते चष्मा पुसत म्हणाले होते. "कुणीतरी पांघरूण तरी घालायचं."

आणि आता ते जाणकार बाबांच्या खोलीत, टेबलापुढे गुडघे टेकून बसले होते. सकाळीच दुकानातला सगळा माल बघून आले होते. त्यातल्या अर्ध्या गोष्टींना उस्तादाचं नाव मिळालं होतं, त्यामुळे दादा प्रसन्न होता. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, पलंगावर बसून बाबांच्या सदऱ्यांच्या घड्या घालत होती. ज्याला आयुष्यभर नीट घडी घालता आली नाही, त्याच्या घड्या आता तरी नीट पडाव्यात, असा तिचा निश्चय दिसत होता.

जाणकारांनी टॉर्च लावला. "हं," ते म्हणाले.

त्या 'हं'सरशी धाकटी टेबलाजवळ सरकली. बाबांचं सोंग उघडं पाडायचं नाही आणि टेबलही जाऊ द्यायचं नाही, तर एकच वाट होती. टेबलाची बदनामी करायची. तशी ती भिडस्त होती, पण पुस्तकं खूप वाचली होती आणि दिवा त्याहून जास्त धरला होता.

"सर, पायाला आतून ही नाली आहे बघा," ती म्हणाली. "लाकूड पोखरणारी अळी तर आतल्या आत बोगदा करते ना? उघड्यावर कधी चरत नाही. म्हणजे अळी जेवून गेल्यावर कुणीतरी फळी नव्यानं कापली असणार."

"वा!" जाणकार कौतुकानं वळले. "नजर आहे तुम्हाला, ताई. अगदी बरोबर. उस्ताद गरीब होता, कोरं लाकूड परवडायचं नाही. मोडक्या घरांच्या फळ्या आणून काम करायचा. माझ्या पुस्तकात त्यावर अख्खं प्रकरण आहे."

"उस्ताद कोण?" आत्यानं विचारलं.

"थांब गं आत्या, सरांना बघू दे," दादा म्हणाला. त्याचे डोळे चमकायला लागले होते.

"आणि हे स्क्रू?" धाकटीनं दुसरा खडा टाकला. "मशीनचे आहेत. सगळ्यांची खाच नेमकी मध्यावर आहे. हातानं केलेल्या स्क्रूची अशी नसते."

"दुरुस्ती," जाणकार हळहळले. "नंतरच्या कुणातरी अडाण्यानं पिळलेत. बघा, एकाची तर खाचच उडवली आहे. असल्या हातांना शिक्षा असायला हवी."

तो अडाणी तीच होती. बाबांनी हौसेनं एक स्क्रू तिच्या हातात दिला होता आणि तिनं त्याची वाट लावली होती. "राहू दे तसाच," बाबा हसले होते. "जाणकाराला चिडायला काहीतरी हवं."

"पण झीज तर बघा," ती नेटानं म्हणाली. "इथे डाव्या कडेला एवढं गुळगुळीत, आणि उजवीकडे नखाएवढीही झीज नाही. कुणीतरी मुद्दाम घासल्यासारखं वाटतं."

जाणकारांनी त्या जागेवर आपला डावा कोपर अलगद टेकवला. तो खोबणीत बसावा तसा बसला. त्यांनी डोळे मिटले.

"डावा कोपर," ते हलक्या आवाजात म्हणाले. "हे त्यानं विकायला केलेलं नाही. स्वतःसाठी केलं. इथे बसून तो..."

ती जागा बाबांनी विटेच्या तुकड्यानं घासली होती, शीळ घालत. विटेचा तुकडा झिजला तेव्हा दुसरा आणायला तिलाच पाठवलं होतं.

"म्हणजे विशेष आहे?" दादानं विचारलं.

"विशेष? उस्तादाचं स्वतःचं टेबल आहे हे! संग्रहालयाला आत्ता फोन केला तर संध्याकाळी गाडी येईल. काचेत ठेवतील. वर स्वतंत्र दिवा."

दादानं धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. "बघ, म्हटलं नव्हतं मी? बरं झालं दाखवलं. तुला तिथे कधीही जाऊन बघता येईल."

तिकीट काढून, असं मात्र तो म्हणाला नाही. तेवढा तो समंजस होता.

जाणकारांनी खिशातून फोन काढला. धाकटीनं टेबलाच्या कडेवर हात ठेवला आणि म्हणाली, "हे बाबांनी केलंय."

"बाबांनी मिळवलंय," दादानं सुधारलं.

"केलंय. दुकानाच्या मागच्या खोलीत, सुट्टीच्या दिवशी. मी दिवा धरला होता."

मग दादा हसला. थट्टा म्हणून नव्हे, त्याला खरोखरच हसू आलं. "बाबांनी? अगं, बाबांना बरणीचं झाकण उघडत नव्हतं!"

"उघडत होतं. तुझ्यासमोर उघडत नव्हतं."

"वेडी आहेस का? एवढं बारीक काम? आपल्या बाबांनी? जीभ चालायची त्यांची, हात कधी चालला?"

"माझ्या लग्नात मांडवाला दोरी बांधायला सांगितली होती त्याला," आत्या म्हणाली. "मांडव खाली. सासरचे अजून टोमणे मारतात. पोरी, बापाची आठवण येते, कबूल आहे. म्हणून काय वाटेल ते त्याच्या पदरात घालायचं?"

जाणकारांनी फोन खाली केला आणि तिच्याकडे फार दयेनं बघितलं. "ताई, असं होतं. जवळचं माणूस गेलं की आपल्याला वाटतं, ते मोठं होतं. तुमचे वडील सज्जन गृहस्थ होते. पण हा हात," त्यांनी टेबलावर थाप मारली, "हा हात शतकात एकदा होतो."

धाकटीनं मनाशी कबूल केलं, की बाबांची यापेक्षा मोठी स्तुती कुणी केली नव्हती, आणि अपमानही. परक्या माणसानं केलं असेल यावर सगळ्यांचा विश्वास बसत होता, उपाशी, प्रेमभंग झालेल्या, दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसानं. आपल्या घरात वर्तमानपत्र वाचत बसणाऱ्यानं केलं असेल, हे कुणाच्या पचनी पडत नव्हतं. लबाडी पकडली जाईल म्हणून ती घाबरली होती. आता तर बापाला लबाड ठरवण्यासाठी जिवाचं रान करायची वेळ आली होती.

म्हणून तिनं सांगितलं. सिरका सांगितला, खिळे सांगितले, किल्ल्यांचा जुडगा सांगितला. मधला खण बाहेर काढून उलटा केला आणि दाताला दात अडकवलेला सांधा दाखवत म्हणाली, "इथे करवत जरा खोल गेलीय. शिंक आली होती त्यांना. मग म्हणाले, बरं झालं, खरं वाटेल."

"हे ओरखडे डाव्या हाताचे आहेत," जाणकार जरा तुटकपणे म्हणाले. "तुमचे वडील उजव्या हातानं लिहायचे. माझ्यासमोर कितीतरी वेळा पावती लिहिली आहे त्यांनी."

तेव्हा आत्याच्या हातातली घडी थांबली.

"उजव्यानं लिहायचा," ती सावकाश म्हणाली. "कारण डावा हात बांधून ठेवायचो आम्ही त्याचा. पाठीमागे, माझ्याच रिबिनीनं. आई म्हणायची, डावरं पोर शाळेत मार खाईल. वर्षभर बांधला. मग सुधारला." तिनं सदरा मांडीवर ठेवला. "सगळ्यांसमोर सुधारला. घरात कुणी नसलं की सफरचंद कापायचा डाव्यानंच. साल अशी काढायचा, एकसंध, जमिनीपर्यंत."

"मला कधी दिसलं नाही," दादा म्हणाला.

"तुला कसं दिसेल? तू कापलेल्या फोडीच बघितल्यास."

जाणकार उठले. आधारासाठी त्यांनी टेबलाला हात लावला, मग तो पोळल्यासारखा उचलला आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले. खुर्ची प्लास्टिकची होती. तिच्या घराण्याविषयी ते काही बोलले नाहीत.

त्यांच्या डोक्यात काय चाललं असेल, ते धाकटीला स्पष्ट दिसत होतं. संग्रहालयातली काच, हॉटेलांचे दिवाणखाने, जाडजूड पुस्तक, पाण्यापलीकडची मुलगी. सगळं त्या उलट्या खणात येऊन पडलं होतं. दादाचंही डोकं चालू होतं. त्याच्या डोळ्यांपुढे सकाळी नाव मिळालेला दुकानातला अर्धा माल होता. तो आता धाकटीकडे अशा नजरेनं बघत होता, जणू शीतगृहाचं दार कुणीतरी उघडं टाकलंय.

"सर," त्यानं घसा खाकरला. "म्हणजे... दुकानातल्या वस्तूंचं काय?"

जाणकारांनी उलट्या खणाकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी चष्मा नीट केला, आणि विद्वान माणूस पडताना आधी तोल कसा सावरतो, हे धाकटीला जवळून बघायला मिळालं.

"दुकानातलं अस्सल आहे," ते म्हणाले. "त्यात शंका नाही. हे टेबल मात्र... अलीकडचं दिसतं. उस्तादाच्या शैलीची नक्कल. कुणीतरी हौशी माणसानं केलेली."

"नक्कल!" दादानं सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे साधं?"

"साधं."

"मग झालं तर! तुझंच आहे बाई, घेऊन जा. मी टेम्पो बघतो." आणि कुणी विचार बदलायच्या आत तो खाली गेलासुद्धा.

जे हवं होतं ते तिला मिळालं होतं. त्यासाठी बाबांना स्वतःचीच नक्कल करणारा हौशी माणूस व्हावं लागलं होतं. अजून एक वाक्य बोलली असती तर उस्ताद कोसळला असता, आणि मग पुराव्याची वस्तू म्हणून टेबल कुणाकुणाच्या दारात फिरलं असतं कोण जाणे. वाक्य तिच्या जिभेवर होतं. तिनं ते गिळलं. खण जागेवर सरकवला. तो आवाज न करता आत गेला, बाबांचे खण जायचे तसा.

"काय गं," आत्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली होती. "मला का नाही सांगितलं त्यानं?"

"सांगितलं असतं तर तू गप्प बसली असतीस?"

"अजिबात नाही," आत्या म्हणाली आणि कडेवरून बोट फिरवत राहिली. "पन्नास जणांना सांगितलं असतं." मग डोळे सदऱ्याला पुसून ती सदरा पुन्हा घडी घालायला घेऊन गेली.

जाणकार अजून बसून होते. धाकटीनं न राहवून विचारलं, "नक्कल कशी आहे, सर?"

त्यांना उत्तर टाळता आलं असतं. पण लाकडाच्या बाबतीत त्यांना पूर्ण खोटं बोलता येत नसावं. "चांगली आहे," ते म्हणाले. "मुळापेक्षा चांगली आहे."

मग आत्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "काम करताना... बोलायचे का काही?"

वीस वर्षं ज्या माणसाविषयी ते एकेक कण गोळा करत होते, त्याच्यासमोर बसून त्यांनी कितीदा तरी चहा घेतला होता, हवापाण्याच्या गप्पा मारल्या होत्या, आणि आता विचारायला तो उरला नव्हता. धाकटीला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. या घरात आवराआवर न करता नुसता बसून राहिलेला तो पहिलाच माणूस होता.

"बोलायचे," ती म्हणाली. "तुमच्याविषयीच बहुतेक. म्हणायचे, इथे जरा अवघड ठेवू या. त्याला शोधायला मजा येते."

जाणकारांनी मान खाली घातली. खालून दादानं हाक मारली, टेम्पो आला होता. तो हमालांना वर पाठवायला निघाला होता, पण जाणकार उठले, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि टेबलाची एक बाजू धरली.

"पाय आधी सुटतात का?" त्यांनी विचारलं.

"सुटतात. तो उडालेल्या खाचेचा सोडून."

"अडाण्यानं केलेली दुरुस्ती," ते म्हणाले. हसले की नाही, ते तिला वाकल्यामुळे दिसलं नाही. तिनं दुसरी बाजू उचलली. टेबल तिच्या आठवणीपेक्षा जड होतं, आणि दारातून काढताना ते तिरकं करावं लागलं.